लष्करातून बाद झालेले वाहन : आधी थांबवणे, मग चालवणे, मग ओढणे

लष्कराने बाद करून लिलावात काढलेला ट्रक किंवा जीप दारात आली, की बहुतेक मालक सर्वांत आधी बॅटरी जोडतात आणि इंजिन सुरू होते का ते पाहतात. इंजिनाने धूर सोडला की गाडी ‘चालू’ ठरते, दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर निघते आणि आठवडाभरात तिच्या मागे ट्रेलर लागतो. हा क्रम उलटा आहे. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या वाहनात इंजिन हा भाग सहसा सर्वांत कमी बिघडलेला असतो, तर ब्रेकचे रबर, टायर आणि वायरिंग सर्वांत जास्त बिघडलेले असतात. त्यामुळे इंजिन जितक्या लवकर सुरू होईल, तितक्या लवकर न थांबणारे वाहन आपल्या हाती येते. या लेखात इंजिन सहाव्या टप्प्यावर आणि ट्रेलर आठव्या टप्प्यावर येतो, तो याच कारणाने.

उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकी बनावटीच्या एम३५ए२ या अडीच टनी ट्रकची आणि जुन्या जीपची घेतली आहेत, कारण जगभरच्या छंदी मालकांकडे ही वाहने मोठ्या संख्येने आहेत. तुमचे वाहन वेगळे असेल तर आकडे बदलतील. क्रम मात्र बदलणार नाही.

## टप्पा १ : पैसे देण्यापूर्वी

प्रथम कागद पाहावेत. लष्कराने वाहन विकल्याचा मूळ दाखला, चासीवर कोरलेला क्रमांक आणि पाटीवरचा क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. पाटी रिव्हेटने बसवलेली असते आणि ती सहज बदलता येते. चासीवरचा कोरीव क्रमांक तितक्या सहज बदलता येत नाही, म्हणून रंग आणि ग्रीस खरवडून तोच शोधावा. नोंदणी कोणत्या वर्गात होईल, त्या वजनासाठी कोणता परवाना लागतो आणि विमा मिळतो का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आपल्या भागातील वाहन नोंदणी कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून बोली लावण्यापूर्वीच घ्यावीत. वाहन घेतल्यावर ही चौकशी करणारे अनेक जण शेवटी ते भंगारात देतात.

दुसरी गोष्ट वजनाची. एम३५ए२ रिकामा असतानाच सुमारे ५,९०० किलो भरतो. घराकडे येणारा लहान पूल, सांडपाण्याच्या टाकीवरचे झाकण, फरसबंदी आणि घरातला साधा जॅक यांपैकी काहीही या वजनासाठी केलेले नसते.

तिसरी गोष्ट वाहनाची प्रत्यक्ष पाहणी. नव्या रंगाकडे लक्ष देऊ नये. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रत्येक डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ॲक्सलवरची गिअरपेटी) यांमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. चासीच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर बसतात, तिथे गंज फुगून पट्ट्यांमध्ये फट पडली आहे का, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा : २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्याची नक्षी कितीही खोल असली तरी तो रस्त्यावर नेण्याच्या लायकीचा नाही.

चालकाच्या समोर लावलेल्या पाट्यांचा फोटो काढून ठेवावा. गिअरची मांडणी, प्रत्येक गिअरमधील कमाल वेग, वाहून नेण्याचा भार आणि ओढण्याचा भार हे सर्व त्यांवर असते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते लागते. सोबत वाहनाची अधिकृत पुस्तिका मिळवावी. अमेरिकी वाहनांच्या पुस्तिकांच्या क्रमांकाचा शेवट १० असेल तर ती चालकासाठी, २० असेल तर तुकडीतील देखभालीसाठी आणि ३४ असेल तर मोठ्या दुरुस्तीसाठी असते. पहिल्या दोन हाती असल्याशिवाय पाना उचलू नये.

इशारा : जुन्या घड्याळवजा मीटरच्या चमकणाऱ्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, अशा मीटरची काच उघडू नये. जुन्या लष्करी रंगाच्या थरांत आणि अस्तरात विषारी क्रोमेट असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे.

## टप्पा २ : वाहन घरी आणणे

लिलावाच्या जागेवरून वाहन चालवत आणू नये. विकणाऱ्याने ‘कालच फिरवून पाहिली’ असे सांगितले तरी आणू नये. ते सपाट ट्रेलरवर चढवून आणावे आणि चढवल्यावर जमिनीपासून सर्वांत वरच्या टोकापर्यंतची उंची टेपने मोजावी, कारण ट्रेलरची उंची अधिक ट्रकची उंची ही बेरीज पुलाखाली गेल्यावर सुचून उपयोग नसतो. साखळ्या ॲक्सलला किंवा चासीवरील बांधणीच्या कड्यांना लावाव्यात; बंपर आणि पायरी यांचा आधार घेऊ नये.

सगळी चाके जमिनीवर ठेवून ओढत आणण्यावाचून पर्याय नसेल, तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणारे फिरते दांडे, काढून ठेवावेत. इंजिन बंद असताना अनेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप फिरत नाही आणि फिरणारे भाग कोरडे घासले जातात. येथे एक फसगत होते. एम३५, जुनी जीप आणि अनेक लष्करी वाहनांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही वाहन धरले जात नाही. म्हणून शाफ्टचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावलेले असले पाहिजेत.

## टप्पा ३ : चाके आणि टायर

सगळ्यात गंभीर अपघात या टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई अजिबात नको.

लष्करी चाके बहुधा एकसंध नसतात. ट्रकच्या चाकाला टायर अडकवून धरणारी लॉक रिंग असते. जुन्या जीपची लढाऊ चाके आणि हम्वी या अमेरिकी लष्कराच्या रुंद चारचाकी वाहनाची चाके दोन भाग बोल्टने जोडून केलेली असतात. अशा दुभंगी चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एका वर्तुळातील नट चाकाला हबवर धरतात, तर दुसऱ्यातील नट चाकाचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सैल केले, तर ते दोन भाग स्फोटासारखे वेगळे होतात. लॉक रिंग नीट न बसता हवा भरली तर तीही तशीच सुटते, आणि समोर वाकून पाहणारा माणूस वाचत नाही.

काम या क्रमाने करावे :

१. चाक उतरवण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन पूर्ण काढून टाकावी आणि हवा संपल्यावर व्हॉल्व्हच्या नळीत बारीक तार घालून ती तुंबलेली नाही याची खात्री करावी.

२. नट कोणत्या दिशेने फिरतात ते पाहावे. एम३५ आणि जुनी जीप यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. पान्यावर पाइप चढवून, दोन माणसे लटकून स्टड तोडल्यानंतर हे कळण्यात काही अर्थ नाही. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर कोरलेले असल्यास तो डावा आटा समजावा.

३. मागच्या जोडचाकांत आतील चाक टोपीसारख्या लांब नटाने आणि बाहेरील चाक त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या नटाने धरलेले असते. आतील नट तपासायचा असेल तर बाहेरचा सैल करून, आतला आवळून, मग पुन्हा बाहेरचा आवळावा लागतो. फक्त बाहेरचे नट आवळत राहिल्यास आतले चाक सैलच राहते.

४. रिंग, तिचा खाचा आणि रिम गंजमुक्त करून पाहावी. रिंग वाकलेली, तडकलेली किंवा दुसऱ्या जातीच्या चाकाची असेल तर ती सरळ टाकून द्यावी. ठोकून सरळ करू नये.

५. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, नळीचे तोंड आपोआप पकड घेणारे असावे आणि माणसाने लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला, चाकाच्या बाजूला उभे राहावे. पिंजरा नसेल तर हे काम जड वाहनांच्या टायरवाल्याकडे द्यावे. मी स्वतः नेहमी देतो आणि त्यात कमीपणा वाटून घेत नाही.

तपासणी : चाके बसवल्यावर आणि वाहन पहिल्यांदा थोडे फिरल्यावर नट पुन्हा आवळावेत. जॅक लावताना शाफ्टवरील हँडब्रेकची मर्यादा लक्षात ठेवावी : दोन ॲक्सलच्या जीपचे एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियल ते मोकळे फिरू देते आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. ठोकळे उरलेल्या चाकांना लावावेत.

## टप्पा ४ : ब्रेक

एम३५ए२ मध्ये हवेच्या दाबाची मदत घेणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच आहे. आधुनिक गाडीत पुढचा मार्ग फुटला तर मागचा उरतो. येथे सहापैकी कोणत्याही चाकाजवळची एक नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक जातात. जुन्या जीपचीही तीच गत आहे.

माझ्या पहिल्या ट्रकच्या वेळी मी नळ्या डोळ्यांनी पाहून ‘ठीक’ असे वहीत लिहिले होते. बाहेरून त्या काळ्या, गुळगुळीत होत्या. सपाट मैदानात, माणूस चालतो त्या वेगाने जाताना तिसऱ्यांदा पेडल दाबले आणि ते फळीला टेकले. पुढच्या डाव्या चाकामागे वाटीभर तेल सांडले होते. ट्रक आपोआप थांबला, कारण जमीन सपाट होती. नंतर तीच नळी काढून बोटांत वाकवली, तेव्हा वाकाच्या जागी झाडाच्या सालीसारख्या भेगा उघडल्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे की रबरी नळ्या तपासायच्या नाहीत, सरळ बदलायच्या.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम ब्रेक ऑइल ओळखावे. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकोनचे, म्हणजे डॉट ५ जातीचे तेल वापरायला घेतले, तर त्याआधीच्या आणि इतर बहुतेक वाहनांत ग्लायकॉलचे डॉट ३ किंवा डॉट ४ असते. दोन्ही एकत्र करू नयेत. काचेच्या लहान बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात तितकेच तेल टाकून हलवावे : ग्लायकॉल पाण्यात मिसळून जाते, सिलिकोन वेगळा थर धरून वर राहते. डॉट ५.१ या नावाने विकले जाणारे तेल ग्लायकॉलचेच असते आणि नावातल्या या साम्यामुळे चुकीचा डबा घेतला जातो.

त्यानंतर सर्व ड्रम उघडावेत. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ती ओल्या फडक्याने टिपावी. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का ते पाहावे. हबचे ऑइल सील गळून लायनिंग तेलकट झाले असेल तर ते धुऊन परत वापरू नये, बदलावे. मग मास्टर सिलिंडर, नळ्या, नवे तेल आणि शेवटी हवा काढणे, हा क्रम ठेवावा. वहीत प्रत्येक चाकासमोर तारीख लिहावी.

हवेच्या टाक्यांतील पाणी खालच्या नळांतून काढावे. इंजिन चालू करण्याची वेळ येईल तेव्हा दाब भरू द्यावा आणि इंजिन बंद करून काही मिनिटे काट्याकडे पाहत बसावे. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल तर साबणाच्या फेसाने गळती शोधावी. दाब सुमारे ६० पीएसआयच्या खाली असताना भोंगा वाजत राहतो. त्या आवाजाला कंटाळून त्याची वायर काढलेले ट्रक मी पाहिले आहेत.

इशारा : या टप्प्याचे काम पूर्ण झाल्याची स्वतःची खात्री पटेपर्यंत स्टार्टरच्या बटणाला हात लावू नये.

## टप्पा ५ : वीज

दुसऱ्या महायुद्धातील जीप ६ व्होल्टवर चालते, तर नंतरच्या बहुतेक लष्करी वाहनांत २४ व्होल्ट असतात आणि ते १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मिळवलेले असतात. अमेरिकी एम१००८ सारख्या काही वाहनांत स्टार्टर २४ व्होल्टवर आणि दिवे १२ व्होल्टवर चालतात. आपल्या वाहनात काय आहे हे मीटर लावून मोजावे, अंदाज करू नये.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे रेडिओ किंवा फोनचा चार्जर चालवण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणे. ती बॅटरी अपुरी भरत राहते, दुसरी प्रमाणाबाहेर भरली जाते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. यासाठी २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवावा. दुसरी चूक म्हणजे साध्या मोटारीवरून केबल जोडून २४ व्होल्टचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न. यात मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान होऊ शकते.

आता दिव्यांच्या बटणाविषयी, कारण यावर नव्या मालकाचा हमखास गोंधळ होतो. अमेरिकी ट्रकांवर तीन दांड्यांचा स्विच असतो. शत्रूला दिसू नये म्हणून दिवे चुकून लागू नयेत, यासाठी मुख्य दांडी फिरवण्याआधी कुलपाची लहान दांडी धरावी लागते. येथवर सगळे शिकतात. पुढचे मात्र सुटते : मुख्य दांडी ‘बंद’ या जागी असेल तर पेडल दाबूनही ब्रेकचा दिवा लागत नाही. दिवसा चालवताना ती ‘स्टॉप लाइट’ या जागी आणि रात्री ‘सर्व्हिस ड्राइव्ह’ या जागी असावी लागते. भर दिवसा, ब्रेकच्या दिव्याविना, मागच्या गाडीला काहीही न कळवता थांबणारे लष्करी ट्रक रस्त्यावर दिसतात, त्यांचे बरेचदा हेच कारण असते.

तपासणी : एक माणूस मागे उभा करून ब्रेक, डावी-उजवी खूण आणि मागचे दिवे स्विचच्या प्रत्येक जागी तपासावेत. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना शेवटी जोडावे.

## टप्पा ६ : तेले आणि इंजिन

टाकीतले जुने इंधन पूर्ण काढावे, टाकीच्या तळाशी गंज आणि चिकट गाळ आहे का ते पाहावे आणि फिल्टर बदलावेत. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि सर्व डिफरन्शियल यांची तेले बदलावीत. हम्वी आणि उनिमोग (जर्मन बनावटीचा ट्रक) यांच्या प्रत्येक चाकाजवळ स्वतंत्र गिअरपेटी असते आणि तिचे तेल वेगळे असते; चार पेट्या विसरून फक्त मधली तेले बदलणे ही नेहमीची चूक आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असतात. त्यांत जीएल-५ दर्जाचे काही तेल पितळ खाऊ शकते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेला दर्जाच वापरावा. ‘जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा भारी’ असा हिशोब येथे चालत नाही.

एम३५ए२ चे बहुइंधनी इंजिन काहीही जाळते, अशी समजूत पसरलेली आहे. ते अनेक इंधनांवर चालू शकते हे खरे, पण ती सोय युद्धातील अडचणीसाठी होती. गाळून न घेतलेले वापरलेले तेल फिल्टर आणि इंजेक्टर तुंबवते. स्वच्छ डिझेल वापरावे आणि हा विषय तिथेच संपवावा.

सुरू करण्याचा क्रम असा :

१. डिझेल ट्रकचे इंजिन चावीने नव्हे, तर बंद करण्याची केबल ओढून थांबते. ती केबल पंपावरचा दांडा पूर्ण हलवते का, हे बॉनेट उघडून पाहावे.

२. हवेच्या तोंडावर बसेल एवढी जाड सपाट फळी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. अनावर झालेले डिझेल इंजिन हवा तोडूनच थांबते. हात किंवा फडके लावू नये.

३. बंद करण्याची केबल ओढलेली ठेवून, स्टार्टरला मध्ये मध्ये विश्रांती देत, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवावे.

४. मगच केबल सोडून सुरू करावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब स्थिर दिसला नाही तर लगेच बंद करावे.

## टप्पा ७ : चालवणे

पहिली फेरी मोकळ्या मैदानात घ्यावी. जुन्या गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरना सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दातांची गती आपोआप जुळवणारे भाग, नसतात. दुसऱ्या महायुद्धातील जीपचा पहिला गिअर त्यापैकीच. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडी गती, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी दुहेरी क्लचची सवय हात-पायांत बसेपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. कानांना संरक्षण घ्यावे. केबिनमधला आवाज तासाभरातच थकवतो आणि थकलेला माणूस उशिरा ब्रेक दाबतो.

एम३५ए२ चा कमाल वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर आहे, पण तो चालवण्याचा वेग नव्हे. ताशी ७० च्या आसपास ट्रक शांतपणे चालतो आणि थांबण्यासाठी मागाल तेवढे अंतर मिळते.

उतारावर एक नियम काटेकोर पाळावा : ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. उतारावर चाके इंजिनाला फिरवू लागली की इंधन कमी करणारा गव्हर्नर काहीच करू शकत नाही. इंजिन मर्यादेबाहेर फिरून मोडते. फेऱ्यांच्या मीटरवरची तांबडी रेघ उतारावर अधिक महत्त्वाची असते.

पुढच्या ॲक्सलला जोड देणारी दांडी कोरड्या पक्क्या रस्त्यावर ओढू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, फरक जायला जागा नसते आणि तो ताण शाफ्ट व गिअरवर साठतो. दांडी परत निघत नसेल तर तेच झाले आहे. थोडे सरळ मागे गेल्यावर ती सुटते.

एम१५१ ही लहान जीप असल्यास वळणाचा वेग आणखी कमी ठेवावा. तिच्या मागच्या सस्पेन्शनच्या जुन्या रचनेमुळे जोरात वळताना मागचे चाक आत दुमडते आणि गाडी उलटू शकते. याच धोक्यामुळे अमेरिकी लष्कराने अशा अनेक जीप विकण्याऐवजी कापून टाकल्या.

तपासणी : पहिल्या प्रवासात १० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ३० किलोमीटरनंतर थांबावे. प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू आधी दुरून आणि मग टेकवून पाहावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचा ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे.

## टप्पा ८ : ट्रेलर ओढणे

ओढण्याचा भार पाटीवर दोन आकड्यांत दिलेला असतो. एम३५ए२ साठी तो कच्च्या जमिनीवर सुमारे २,७०० किलो आणि पक्क्या रस्त्यावर सुमारे ४,५०० किलो आहे. मोठा आकडा वाचून शेतात किंवा चिखलात ट्रेलर नेणे, ही पाटी चुकीची वाचण्याची नेहमीची तऱ्हा आहे. शिवाय हा आकडा ट्रकची ताकद सांगतो, ब्रेकची नव्हे. बिनब्रेकचा ट्रेलर किती वजनाचा ओढता येतो हे त्या भागातील कायदा ठरवतो आणि तो आकडा खूपच लहान असतो.

लष्करी जोड म्हणजे ट्रकच्या मागचा पिंटल हूक (उघडबंद होणाऱ्या जबड्याचा आकडा) आणि ट्रेलरच्या दांड्याचे लोखंडी कडे. नेटो प्रमाणाच्या कड्याचे भोक ७६ मिलिमीटरचे असते. लहान भोकाचे कडे हुकात अडकते आणि चढउतारावर मोडू शकते. मोठे कडे हुकात उड्या मारते आणि प्रत्येक ब्रेकला हिसका देते. हुकाची उंची आणि कड्याची उंची जवळपास सारखी असावी. लष्करी ट्रकचा हूक उंच असतो, त्यामुळे साधा ट्रेलर जोडला की त्याचे नाक वर जाते, भार मागे सरकतो आणि ट्रेलर डोलू लागतो. मध्ये ॲक्सल असलेल्या ट्रेलरमध्ये हुकावर येणारे वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के राहील असा माल लावावा.

जोडण्याचा क्रम :

१. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावून ट्रक मागे घ्यावा. मार्ग दाखवणारा माणूस कधीही ट्रक आणि ट्रेलरच्या मध्ये उभा राहू नये.

२. कडे हुकात बसवून जबडा बंद करावा, खटका बसल्याचा आवाज ऐकावा आणि त्यात सुरक्षा पिन घालावी. पिनेऐवजी खिळा किंवा तार चालत नाही.

३. दोन्ही सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून जोडाव्यात, म्हणजे दांडा सुटला तरी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

४. हवेच्या ब्रेकचा ट्रेलर असेल तर दोन्ही नळ्या आपापल्या जोडावर लावाव्यात आणि ट्रकच्या मागील दोन्ही बंद-चालू नळ उघडावेत. नळ्या जोडून नळ उघडायला विसरणे इतके सामान्य आहे की मी ते मोठ्याने बोलून करतो.

५. विजेचा जोड लावण्याआधी व्होल्ट जुळतात का ते पाहावे. २४ व्होल्टच्या ट्रकला १२ व्होल्टचा ट्रेलर सरळ जोडला की सर्व बल्ब एकदम जातात, आणि ते गेले हे चालकाच्या जागेवरून दिसत नाही.

तपासणी : ठोकळे काढून ताशी १० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबावा. ट्रेलर ट्रकला मागून ढकलत असेल तर त्याचे ब्रेक काम करत नाहीत. तसेच पुढे निघू नये.

## टप्पा ९ : अडकलेले वाहन ओढून काढणे

हा प्रसंग उत्साहाचा असतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा असतो. ट्रेलर जोडण्याचा गोळा किंवा बंपर यांना दोर लावू नये. चासीवरील कड्यांना शॅकलने, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने, लावावा. साखळी झटका देऊन ओढण्यासाठी नसते. ताणलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये आणि वायररोपवर जाड कांबळे किंवा पोते टाकावे.

विंच, म्हणजे दोर पिंपावर गुंडाळून ओढणारे यंत्र, वापरताना पिंपावर निदान चार-पाच वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. विंचची पूर्ण ताकद पिंपावरच्या सर्वांत खालच्या थरात मिळते, वरच्या थरांत ती कमी होत जाते; म्हणून जवळून ओढण्यापेक्षा पुली लावून दोर दुहेरी केलेला बरा. ट्रकच्या पुढच्या विंचला भार जास्त झाला की मुद्दाम तुटणारी एक मऊ पिन असते. ती वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट घालणारे लोक असतात. त्यानंतर तुटायला दोर किंवा विंचची पेटी एवढेच उरते.

बंद पडलेले वाहन रस्त्यावरून नेताना दोराऐवजी ताठ ओढदांडा वापरावा, कारण इंजिन बंद असताना हवेची मदत नसते आणि मागच्या चालकाला ब्रेक लावता येईलच असे नाही. ज्या वाहनांत हवा गेल्यावर स्प्रिंगने ब्रेक लागतात, त्यांच्या स्प्रिंग आधी बोल्टने दाबून मोकळ्या कराव्या लागतात. हे काम करताना चाकांना ठोकळे हवेतच.

## टप्पा १० : उभे करून ठेवणे

प्रत्येक फेरीनंतर हवेच्या टाक्यांतले पाणी काढावे, बॅटरीचे मुख्य जोड सोडावेत आणि वाहनाखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून सकाळी त्यावरचे थेंब पाहावेत : काळा थेंब इंजिनाचा, दाट आणि उग्र वासाचा गिअरचा, पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला पडलेला ब्रेकचा. शेवटचा दिसला तर पुन्हा चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करावी. महिन्यातून एकदा इंजिन तापेपर्यंत चालवावे आणि वाहन थोडे पुढेमागे घेऊन ब्रेक दाबावेत. केवळ पाच मिनिटे जागेवर चालवून बंद केलेल्या इंजिनात तेलाखाली पाणी साठत जाते, त्यापेक्षा ते त्या महिन्यात चालवलेच नाही तरी चालते.